साहेबाने दिलेली पदवी

मी खोटं बोललो ते भीतीपोटी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बाजूने कोणी काही शोधत बसायला नको. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की मारामारी टळावी म्हणून बोललो. चाळीस गाडीवान होते, त्यांच्या हाताशी गाड्यांच्या लाकडी उभाऱ्या होत्या, पलीकडे पोलीस होते, चार डोकी नक्की फुटली असती. हे सगळं खरंच आहे. पण त्या क्षणी मला आधी दिसली ती कचेरीतली माझी खुर्ची, आणि डोकी नंतर.

खामगावला कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये मी इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. नाव वामनराव. मॅनेजर पार्किन साहेब. साहेबाला मराठी येत नव्हतं आणि गाडीवानांना इंग्रजी, त्यामुळे दोघांच्या मधे उभं राहून इकडचं तिकडे करणं हेही माझ्याच गळ्यात पडलेलं. दहा वर्षं मी ते केलं. या कामात दोन्ही बाजूंना फक्त तुमचंच तोंड ऐकू येतं, आणि त्याचा माज चढतो. मलाही चढला होता.

पस्तीस सालच्या मे महिन्यात बादशहाची ज्युबिली झाली. गावात कमानी उभ्या राहिल्या, शाळांतून पेढे वाटले, बड्या लोकांना रावसाहेब, खानबहादूर अशा पदव्या मिळणार म्हणून चावडीपासून बाजारापर्यंत एकच चर्चा. आमच्या प्रेसच्या आवारात साहेबाने खेळ ठेवले. शेवटी रस्सीखेच, एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला गाडीवान. गोऱ्यांत स्वतः पार्किन साहेब, आमचा इंजिनिअर, रेल्वेच्या जलंब लाईनचे दोन गार्ड असे मिळून आठ जण. मधे हातभर खोल चर खणून त्यात पाणी सोडलं होतं. हरेल तो चिखलात जाणार.

गाडीवानांनी दोराच्या टोकाला कडूबाला उभं केलं. कडूबा जानेफळचा, मेहकर तालुक्यातला. घरची शेती, स्वतःच्या दोन गाड्या. त्या दिवशी ढोरांसाठी सरकी न्यायला आला होता. रंगाने बुक्क्यासारखा काळा, उंचीने बेताचा आणि रुंदीला दाराएवढा. त्याने दोर कमरेभोवती घेतला, टाचा मातीत रोवल्या आणि जांभई दिली. खरंच दिली, मी पाहिली. शिट्टी झाली. गोरे ओढत राहिले, लाल झाले, ओरडले. कडूबा हलला नाही. मग तो एक पाऊल मागे सरकला, मग दुसरं, आणि सहाव्या पावलाला पार्किन साहेब तोंडघशी चरात.

लोक हसले. नको तितके हसले. साहेब उठला तेव्हा नाकातोंडात चिखल होता आणि टोपी पाण्यावर तरंगत होती. कडूबाकडे बोट करून तो ओरडला, "निगर!" एकदा नाही, दोनदा.

हशा थांबला. शब्द कोणाला कळला नव्हता, आवाज मात्र सगळ्यांना कळला. इंद्रभान नावाचा एक तापट गाडीवान होता, त्याने जवळच्या गाडीची उभारी उपसली. कडूबाने कमरेचा दोर सोडला आणि माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "वामनराव, काय म्हणून राह्यला साहेब?"

मला तो शब्द चांगला माहीत होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका रेल्वे-पावतीत माझी चूक झाली तेव्हा साहेबाने तो मलाच बहाल केला होता. मी कचेरीतल्या डिक्शनरीत तो शोधला, काळ्या कातडीच्या माणसाला तुच्छतेने म्हणतात असं काहीसं वाचलं, डिक्शनरी मिटली आणि अर्धं राहिलेलं पत्र पूर्ण केलं. घरी बायकोलाही सांगितलं नाही.

"अरे, तुझं कौतुक करतोय," मी म्हणालो. "विलायतेत असल्या पहाडासारख्या गड्याला निगर म्हणतात. मोठा मान आहे तो."

कडूबाने साहेबाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मीच नजर वळवली. इंद्रभान उभारी टाकून ओरडला, "पदवी देल्ली बे! साहेबानं कडूबाले पदवी देल्ली!" पदव्यांचाच दिवस तो, लोकांना पटायला वेळ लागला नाही. त्यांनी कडूबाला खांद्यावर घेतलं. चाळीस गळ्यांतून तो शब्द आवारभर घुमत राहिला आणि चिखलातला साहेब तोंड वासून बघत राहिला. खांद्यावरून वाकून कडूबाने मला विचारलं, "वामनराव, रावसाहेबापेक्षा हे मोठं हाय का लहान?"

"वेगळं आहे," मी म्हणालो.

तिथेच मिटलं असतं तर आज मी हा किस्सा पान खात सांगितला असता. पण दिवाळीनंतर कापूस सुरू झाला आणि कडूबाच्या गाड्या दर आठवड्याला प्रेसच्या गेटावर येऊ लागल्या. पहिल्याच खेपेला साहेबाने त्याला ओळखलं. मेमधला चिखल त्याच्या मनातून गेला नव्हता. त्याने व्हरांड्यातून तीच हाक मारली, आणि कडूबाने मुंडासं सारखं करून, छाती पुढे काढून, "जी साहेब!" म्हणत सलाम ठोकला.

साहेब चक्रावला. मला आत बोलावून म्हणाला, हा माणूस चिडत कसा नाही? मी सांगितलं की तो ती स्तुती समजतो. साहेब इतका हसला की त्याला ठसका लागला. स्तुती कोणी समजावली, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर तो खेळच झाला. क्लबातले पाहुणे मुद्दाम येऊ लागले. गाड्यांची रांग लागलेली असायची, साहेब हाक मारायचा, कडूबा सलाम करायचा आणि मडमा रुमाल तोंडाला लावायच्या. एकीने मला विचारलं, तो आणखी काही करून दाखवतो का? मी म्हणालो, नाही मॅडम, एवढंच.

कडूबाला वाटायचं, साहेब आपल्याला चारचौघांत मान देतोय. रांगेतले बाकीचे गाडीवानही त्याच्याकडे कौतुकाने पाहायचे. मी गेटापाशी वही घेऊन उभा असायचो. मान वर न करता गाडीवानांची नावं लिहीत राहायचो. घरी आलो तरी बसवत नसे. अंगणात येरझाऱ्या घालायचो, जेवताना मधेच उठायचो. प्रेमला, माझी बायको, वैतागून म्हणायची, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का? चार घास तरी खाली बसून खा." राग होता, पण तो साहेबावर काढण्याची छाती नव्हती, तेव्हा तो कडूबावरच निघायचा. इतका कसा हा माणूस भोळा? याला त्या हसण्यातलं काहीच कसं कळत नाही? 'शेवटी कुणबट ते कुणबटच,' असं मी दोन-तीनदा त्याच्या देखत पुटपुटलो. गाडीवानांशी मी तसंच बोलायचो. सगळेच कारकून बोलायचे.

माघ महिन्यात इंद्रभान गेटावर आला तो हातात गुळाचा खडा घेऊन. "तोंड गोड करा, वामनराव. कडूबाले पोरगा झाला. परवा बारसं हाय, तुम्हाले खास बलावलं त्यानं." मग जवळ येऊन, मोठं गुपित सांगावं तसा तो म्हणाला, "पोराचं नाव साहेबाची पदवीच ठेवून राह्यला तो. निगर! कसं वाटते?"

गूळ तोंडात न घालता मी रुमालात बांधला.

त्या संध्याकाळी मी प्रेमलाला सगळं सांगितलं, अगदी डिक्शनरीपासून. ती गहू निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "आणि ते पोर मोठं होऊन शाळेत जाईल, इंग्रजी शिकेल, तेव्हा?"

"तोवर कोणी पाहिलंय?"

"तुम्ही पाहिलंय ना," ती म्हणाली. "डिक्शनरी तुम्हीच उघडली होती. काय झालं होतं तेव्हा तुमचं? आणि तो शब्द तुम्हाला एकदा म्हटला होता. त्या पोराला त्याची आईसुद्धा त्याच नावाने हाक मारणार आहे."

या बाईला मी फारसं काही सांगत नाही ते उगाच नाही. मी पुन्हा येरझाऱ्या घालायला लागलो, पण परवा जायचं हे ठरलं होतं. साहेबाला पोटदुखीचं कारण लिहून रजा घेतली. पोटात खरंच दुखत होतं, त्यामुळे तेवढं तरी खोटं नव्हतं.

खामगावहून मेहकरला जाणारी मोटर जानेफळवरून जायची. चढावर ती दोनदा तापली, दोनदा ड्रायव्हरने तिला पाणी पाजलं, आणि दोन्ही वेळा खाली उतरून चालत मागे फिरावं असं माझ्या मनात आलं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. 'कडूबा, त्या दिवशी माझी ऐकण्यात चूक झाली.' हे बरं होतं, यात पाप कमी लागत होतं. 'त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत.' हे त्याहून बरं. 'हे नाव पत्रिकेत बसत नाही.' हे सगळ्यांत सोपं, पण मी काही जोशी नव्हतो. दहा वर्षं लोकांची वाक्यं इकडून तिकडे पोचवली होती, आणि स्वतःचं एक सरळ वाक्य काही केल्या जमेना. शेजारच्या बाईने विचारलं, "बापा, तब्येत बरी नाही का?"

कडूबा स्वतः मोटरपाशी घ्यायला आला होता. धुतलेलं धोतर, नवं मुंडासं. माझ्या हातातली पिशवी त्याने ओढूनच घेतली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, "खामगावचे वामनराव हाएत. यायनंच मले साहेबाच्या पदवीचा अर्थ सांगतला होता." लोक मला रामराम घालत होते आणि मी भरभर चालत होतो, जसं काही मागून कोणी धरायला येतंय. घरापाशी पोचलो तर दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कडूबा निगर, जानेफळ.'

ओसरीवर घोंगडीवर पांढरी चादर टाकून मला बसवलं. शेजारी गावच्या शाळेचे किसनराव मास्तर बसले होते. माजघराचं दार उघडं होतं आणि आतला पाळणा ओसरीवरून दिसत होता. आत बायकांची दाटी. कडूबाची आई गोजरबाई पाळण्याची दोरी धरून होती. बहीण मनकर्णाबाई सासरहून आली होती, कारण बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं. बाळंतीण रुखमाबाई कानाला फडकं बांधून भिंतीशी बसली होती, मान खाली.

गोजरबाई आतूनच कुरकुरत होती. "एवढं मोठं नाव कायले पाह्यजे? नजर लागते. म्या याचं नाव कडू ठेवलं म्हणून हा राह्यला. याच्या आंधीचे तिघं गेले होते."

ही आमच्या मुलखातली जुनी रीत. लेकरं जगत नसली की पुढच्याचं नाव वाईट ठेवायचं, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. अशी नावं मी रोज वहीत लिहीत होतो आणि कधी थांबून विचार केला नव्हता.

कडूबा माझ्याकडे वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "वामनराव, पह्यल्याचं नाव दगडू ठेवलं. तो देवीत गेला. दुसऱ्याचं धोंडू ठेवलं. तो तापानं गेला, दीड वर्षाचा होता, चालाले लागला होता. वाईट नावं ठेवून पाह्यले. आता मोठं ठेवून पाह्यतो. साहेबाची पदवी हाय म्हटल्यावर हात लावाले कोणी बी भीन."

मास्तर मधेच उत्साहाने म्हणाले, "मी नकाशात पाहिलं, वामनराव. आफ्रिकेत नायगर नावाची मोठी नदी आहे. हा शब्द त्यावरूनच आला असणार, नाही का?"

काय सुंदर वाट होती ती! एकदा 'हो' म्हटलं की संपलं. पोराला नदीचं नाव मिळालं असतं, मास्तरांना विद्वत्ता मिळाली असती आणि मला संध्याकाळची मोटर. मी तोंड उघडलंसुद्धा. आत पोर रडलं, बारीक आवाजात, बारा दिवसांचं पोर रडतं तसं. हे उद्या कोणत्या तरी गेटावर उभं राहणार आणि व्हरांड्यातून कोणी तरी याच्याकडे बोट दाखवून हसणार, आणि ते म्हणणार, हो, हे माझंच नाव.

"नाही," मी म्हणालो. "ती शिवी आहे."

"काय?"

"शिवी आहे, कडूबा. काळ्या माणसाला देतात, त्याला जनावराइतकीही किंमत नाही हे सांगायला. साहेब हरला म्हणून चिडून बोलला. मला तेव्हाच माहीत होतं. मला त्याने तीच दिली होती. मी घाबरलो आणि खोटं सांगितलं."

एका दमात बोललो. बोलल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मास्तर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले.

मग कडूबाने एकेक करून विचारलं, हिशेब घेतो तसं नाही, तर आठवून आठवून.

"अन् गेटावर हाक माराचा ते?"

"तेच."

"त्या मडमा हासत होत्या ते?"

"त्यालाच."

"मी सलाम कराचो."

"हो."

"अन् तुम्ही तथीच उभे राहत होते."

कडूबा उठला, कोपऱ्यातल्या रांजणात हात बुडवला आणि भिंतीवरची अक्षरं ओल्या तळव्याने पुसायला लागला. गेरू पुसला जात नव्हता, पसरत होता. त्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला.

आत कुजबुज सुरू झाली होती. मनकर्णाबाईने आईला ऐकलेलं सांगितलं. गोजरबाईची दोरी थांबली. "शिवी हाय? इंग्रजी शिवी?" तिने मान बाहेर काढून मलाच विचारलं. "लय वाईट हाय का?"

"फार वाईट, गोजरबाई. म्हणून तर धावत आलो."

"मंग ठेवा तेच!" म्हातारीचा चेहरा खरोखर उजळला. "मी उगाच नाही म्हणून राह्यली होती. मले वाटलं मोठेपणाचं नाव हाय. शिवी हाय तं सोन्यावानी हाय. दगडू, धोंडू, आपल्या शिव्या कमी पडल्या माय. साहेबाची जबर असन. मरणाले बी किळस आली पाह्यजे. मनकर्णे, चाल, सांग त्याच्या कानात."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दहा माणसांच्या देखत मी स्वतःच्या तोंडाला काळं फासलं ते नाव टळावं म्हणून, आणि त्यानेच ते नाव पक्कं होत होतं. बायका माना डोलावत होत्या. मनकर्णाबाई पाळण्यावर वाकली. मी उठून उभा राहिलो, "अहो, थांबा, नावाने असं काही होत नसतं," असं काहीतरी बडबडलो, पण ज्यांनी दोन पोरं पुरली त्यांना हे सांगणारा मी कोण?

"थांब, मनकर्णे." कडूबा दारात उभा होता, लाल हात धोतराला लागू नये म्हणून अंगापासून दूर धरून. "माय, कडू नाव तू ठेवलं. मी जगलो पाह्यजे म्हणून ठेवलं. कोणी कडू म्हटलं का मले तू आठवतं. हे त्या साहेबानं ठेवलं, मी जिंकलो म्हणून. माह्या पोराले हाक मारली का मले त्याचं थोबाड आठवन. मी नाही ठेवत."

"मंग याहून वाईट मी कोठून आणू?" गोजरबाईला रडू फुटलं. तिने दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली. "तिसरं बी जाऊ देऊ का रे? सांग ना. जाऊ देऊ?"

मी पुन्हा तोंड उघडलं तसा कडूबा माझ्याकडे वळला. "तुम्ही आता थांबा. तुम्ही लय बोलले आजवर. येत्या खेपेले साहेबानं हाक मारली तं मी मान वळवणार नाही. त्याले काय सांगाचं ते तुम्ही पाहा. अन् गेटावर तुम्ही आम्हाले कुणबट म्हणता, ते बी ऐकू येते मले. त्याचा अर्थ तुम्हाले इचारा लागत नाही."

साहेबाला काय सांगायचं ते मी पुढच्या आठवड्यात सांगितलं आणि महिनाअखेर माझी नोकरी गेली. ती हकिकत वेगळी, आणि तिच्यात मी बरा दिसतो, म्हणून ती मी सांगत नाही. त्या घटकेला मी फक्त खाली बसलो. साहेबाचा शब्द ऐकून मला जो राग आला होता, तोच राग हा माणूस माझ्यावर किती दिवस गिळत होता, हे मला तेव्हा कळलं आणि मला माझी किळस आली.

"वामन ठेवा."

आवाज इतका हळू होता की आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं. रुखमाबाई बोलली होती. भिंतीशी बसलेली, मान अजून खालीच.

"काय म्हटलं, वहिनी?" मनकर्णाबाईने विचारलं.

"वामन ठेवा म्हटलं. आपल्यातलं नाव हाय, परक्याचं नाही." आता तिने मान वर केली आणि उंबऱ्यापलीकडून सरळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात माठ वाजवून पाहावा तसं पाहिलं. "अन् आज या घरात त्याच्याहून वाईट कोणतं राह्यलं?"

मास्तर खोकले. मनकर्णाबाईने तोंडाला पदर लावला आणि पुटपुटली, "वो वहिनी, पाहुणे बसले हाएत." गोजरबाईचं रडणं थांबलं होतं. ती ते नाव तोंडात घोळवून पाहत होती, नवी सुपारी घोळवावी तसं. "वामन. वामन्या. खोटं बोलणारा वामन्या." तिने डोळे पुसले. "हाव. हे बसते."

कडूबाने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणता? नाव तुमचं हाय."

माझ्या वडिलांनी विष्णूच्या अवताराचं म्हणून हे नाव ठेवलं होतं. अडतीस वर्षं ते मी मिरवलं होतं, कागदांवर त्याची झोकात सही ठोकली होती. आणि आता एका घरात, जिथे मला मान देऊन बसवलं होतं, तिथे ते दगड-धोंड्यांच्याही खालच्या पायरीला ठेवलं जात होतं. मला लाज वाटली, अशी की जमीन दुभंगली असती तर बरं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी असंही वाटलं की लागू दे, माझ्या नावाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

"ठेवा," मी म्हणालो.

मनकर्णाबाई पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात बोलली. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, कोणी तरी हसलं, घुगऱ्यांची परात फिरू लागली. गलक्याने पोर दचकून रडायला लागलं. गोजरबाईने दोरी हातात घेतली, आणि जगातली सगळी माया आवाजात आणून म्हणाली, "वामन्या, खोटारड्या, गप. तुले कोणी बी नेत नाही."